नववीतली ती, बारावीतला तो

सदतीस वर्षांची बायको आणि चाळीस वर्षांचा नवरा. हे जोडपं कसाऱ्याच्या बाजारातून गेलं तर कुणी मान वळवूनही बघणार नाही. आता दोघांच्या वयातून तेवीस-तेवीस वर्षं वजा करा. ती चौदाची, तो सतराचा. अंतर तेवढंच राहिलं, तीन वर्षांचं. पण आता आईच्या छातीत धस्स होतं, शेजारणी आवाज खाली आणतात, शाळेतून वडिलांना बोलावणं येतं आणि कधीकधी गोष्ट पोलीस ठाण्यापर्यंत जाते.

कसारा, खर्डी, आटगाव, आसनगाव या पट्ट्यात आणि तिकडे मुरबाडच्या गावांत हे रोज घडण्यासारखं आहे, कारण मुलं एकमेकांना भेटतात तीच मुळी शाळेत. एकाच इमारतीत आठवी-नववीचे वर्ग खाली आणि अकरावी-बारावीचे वर ही व्यवस्था सगळीकडे दिसते. काही आश्रमशाळांत तर पहिलीपासून बारावीपर्यंतची मुलं एकाच आवारात राहतात. दहावीनंतर शहापूरला किंवा कल्याणला जाणारी मुलं एकाच लोकलला असतात. नववीतली मुलगी बारावीतल्या मुलाकडे बघून हसली, त्याने तिला गणितं समजावून दिली, मग मोबाइलवर निरोप सुरू झाले. घरी कळतं तेव्हा पहिला प्रश्न असतो, ‘तो केवढा आहे?’ हा प्रश्न अगदी बरोबर आहे. तीन वर्षांचं अंतर चौदाव्या वर्षी इतकं मोठं का असतं, याचं उत्तर गेल्या काही दशकांत विज्ञानाच्या हाती आलं आहे आणि ते थक्क करणारं आहे.

सुरुवात मेंदूच्या तळाशी होते. तिथे हायपोथॅलॅमस नावाचा अगदी छोटा भाग आहे. बाळ जन्मल्यावर काही महिने हा भाग वयात येण्याचे संकेत शरीराला देतो, आणि मग गप्प होतो. एकदम गप्प, वर्षानुवर्षं. बालवाडी जाते, पाढे पाठ होतात, दुधाचे दात पडतात, तरी तो बोलत नाही. मग आठव्या, दहाव्या किंवा बाराव्या वर्षी, मूल गाढ झोपेत असताना, तो पुन्हा जागा होतो आणि ठरावीक वेळाने संप्रेरकाचा सूक्ष्म झोत सोडू लागतो. दर तास-दीड तासाने एक. सुरुवातीला हे फक्त रात्री घडतं. घरातलं कुणी जागं नसतं, मुलालाही पत्ता नसतो, आणि त्याचं बालपण संपायला लागलेलं असतं. हा निद्रिस्त भाग कोण जागा करतं, याचा मोठा धागा २००३ साली सापडला. काही कुटुंबांत माणसं वयातच येत नव्हती. त्यांच्यात एका जनुकाचा बिघाड आढळला, आणि किसपेप्टिन नावाचं द्रव्य या दाराची कडी काढतं हे उघड झालं.

शरीर ही कडी उघडताना अन्नाचाही अंदाज घेतं. अंगात पुरेशी चरबी साठली की तिच्यातून निघणारं लेप्टिन मेंदूला कळवतं की आता सोय झाली. म्हणून पोषण सुधारलं की वयात येणं अलीकडे सरकतं. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात उत्तर युरोपात मुलींना पाळी सोळाव्या-सतराव्या वर्षी येत असे, विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ती तेराव्या वर्षाच्या आसपास येऊ लागली. आपल्याकडेही हे वय हळूहळू खाली आलं आहे. आजीच्या वेळी असं नव्हतं, हे घरोघरी ऐकू येणारं वाक्य शरीरशास्त्राच्या दृष्टीनेही खरं आहे. मात्र त्याच काळात शिक्षण लांबलं. शरीर लवकर तयार होतं आणि स्वतःच्या पायावर उभं राहायला उशीर लागतो. या दोन टोकांच्या मधली वर्षं आजच्या मुलांच्या वाट्याला आली तेवढी आधीच्या पिढ्यांच्या वाट्याला आली नव्हती.

आता वर्गाचा फोटो बघा. सातवी-आठवीच्या फोटोत मागच्या रांगेत उंच मुली उभ्या असतात आणि पुढे मांडी घालून बसलेली मुलं त्यांच्या धाकट्या भावांसारखी दिसतात. मुलींची उंची सगळ्यात झपाट्याने वाढते ती साधारण बाराव्या वर्षी, मुलांची चौदाव्या. म्हणजे एकाच बाकावर बसणारी मुलगी शरीराने दीड-दोन वर्षं पुढे असते. तिला वर्गातली मुलं पोरकट वाटतात, कारण त्या क्षणी ती तशी असतात. तिची नजर दोन इयत्ता वर जाते. यात बिघडलेलं काही नाही. नववीतल्या मुलीला अकरावीचा मुलगा बरोबरीचा वाटावा, हे निसर्गाच्या वेळापत्रकातूनच येतं. आईबापांनी हे आधी मनाशी धरावं असं मला मनापासून वाटतं, कारण ‘आमचीच अशी कशी निघाली’ या विचाराने घरातलं बोलणं सुरू होण्याआधीच बंद पडतं.

पण हे वेळापत्रक शरीराचं. मेंदूचं वेगळं आहे.

शिकागोच्या पीटर हटनलोकर यांनी १९७९ साली एक चिकाटीचं काम प्रसिद्ध केलं. मृत व्यक्तींच्या मेंदूचे पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून त्यांनी पेशी-पेशींमधल्या जोडण्या मोजल्या होत्या. मेंदूच्या पुढच्या भागात लहान बाळाच्या जोडण्या मोठ्या माणसाच्या सुमारे दीडपट निघाल्या! वाढत्या वयाबरोबर त्या कमी होत जातात, आणि ही छाटणी किशोरवयापर्यंत चालू राहते. जे वापरात आहे ते टिकतं, जे पडून आहे ते जातं. त्यानंतर १९९१ पासून अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेत जे गीड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच त्या मुलांच्या मेंदूचे एमआरआय वर्षांच्या अंतराने पुन्हा पुन्हा काढले. मेंदू पिकत जातो तो साधारण मागून पुढे, असं त्यातून दिसलं. बघणं, हालचाल करणं सांभाळणारे भाग आधी तयार होतात. कपाळामागचा भाग सगळ्यात शेवटी, वीस वर्षं उलटून गेल्यावरही त्याचं काम चालू असतं. पुढचा विचार करणं, थांबणं, मोह आवरणं ही त्या भागाची कामं. बक्षीस, आनंद, थरार यांना दाद देणारे आतले भाग मात्र किशोरवयात ऐन भरात असतात.

इथपर्यंतचं बऱ्याच जणांनी वाचलेलं असेल. माझ्या मते या विषयाचा गाभा त्याच्या पुढे आहे.

फिलाडेल्फियाच्या टेम्पल विद्यापीठातले लॉरेन्स स्टाइनबर्ग आणि कॅथरिन मोनाहन यांनी दहा ते तीस वर्षं वयाच्या साडेतीन हजारांहून अधिक लोकांचा अभ्यास करून २००७ साली एक निष्कर्ष मांडला. दुसरा आग्रह करत असताना आपलं मत टिकवून धरण्याची, नको ते नको म्हणण्याची ताकद वयाबरोबर कशी वाढते, हे त्यांना बघायचं होतं. दहा ते चौदा या वयात फारसा फरक पडत नाही. अठराच्या पुढेही फारसा नाही. सगळी वाढ होते ती चौदा ते अठरा या चार वर्षांत, आणि ती सरळ रेषेत, वर्षागणिक होते.

हे वाचून मी थांबलो होतो. कारण मग तीन वर्षांचं कोडं सुटतं. सदतीस आणि चाळीस हे दोघं एकाच पातळीवर उभे आहेत. चौदाची मुलगी मात्र चढाच्या पायथ्याशी आहे आणि सतराचा मुलगा जवळजवळ माथ्यावर. त्यांच्यातलं खरं अंतर ‘नाही’ म्हणण्याच्या ताकदीचं आहे. त्याला तिच्यावर जबरदस्ती करायची नसेल, तो स्वभावाने चांगला असेल, तरीही त्याच्या साध्या ‘चल ना’ला तिच्याकडे पुरेसं उत्तर नसतं. ती सतराची झाली आणि तो विसाचा, की हे अंतर आपोआप आटतं, कारण तोवर तीही चढ चढून आलेली असते.

चढाची गोष्ट कसाऱ्याच्या माणसाला सांगायला नको. थळ घाट १८६५ साली रेल्वेसाठी खुला झाला. तिथे सदतीस मीटर पुढे गेलं की गाडी एक मीटर वर जाते, आणि रेल्वेमार्गासाठी हा चढ फार तीव्र आहे. म्हणून इगतपुरीकडे जाणाऱ्या गाडीला कसाऱ्याला मागून बँकर इंजिनं लागतात. ती गाडी मागून रेटतात, घसरू देत नाहीत, आणि चढ संपला की सुटतात. चौदा ते अठरामध्ये आईबापांचं काम याच जातीचं असतं. पुढे दिसतो तो मुलांचाच चेहरा, जोर मात्र मागूनही लागतो.

स्टाइनबर्ग यांच्या गटाने पुढे भारतासह अकरा देशांतल्या पाच हजारांहून अधिक मुलांची आणि तरुणांची तपासणी केली. त्यात आणखी एक नाजूक गोष्ट दिसली. शांत डोक्याने, घाई नसताना, कुणी उचकवत नसताना विचार करण्याची क्षमता सोळाव्या वर्षाच्या सुमारास जवळजवळ मोठ्यांइतकी होते. पण भावना उफाळलेल्या असताना, सोबती बघत असताना स्वतःला सावरण्याची क्षमता त्यानंतर कित्येक वर्षं तयार होत राहते. म्हणून सोळा वर्षांची मुलगी दुपारी स्वयंपाकघरात बसून तुमच्याशी अगदी शहाण्यासारखं बोलते आणि रात्री फोनवर वेगळाच निर्णय घेते. ती खोटं बोलली असं त्यातून ठरत नाही. दोन्ही वेळी ती खरीच असते. यातून एक व्यवहाराची गोष्ट निघते. जे बोलायचं ते शांत वेळी बोलावं. भाकरी थापताना, शेतावरून येताना, एसटीची वाट बघताना. मोबाइल हातातून हिसकावून घेतल्यावर पाच मिनिटांनी काही बोललेलं कुणाच्याच डोक्यात शिरत नाही.

आणि प्रेम? त्याचाही माग काढला गेला आहे. इटलीतल्या पिसा शहरात १९९९ साली नुकत्याच प्रेमात पडलेल्यांचं रक्त तपासलं, तेव्हा सेरोटोनिनशी संबंधित एक मोजमाप मंत्रचळाच्या रुग्णांमध्ये जितकं खाली गेलेलं असतं तितकंच यांच्यातही खाली गेलेलं आढळलं. स्वित्झर्लंडमधल्या बासल इथे २००७ साली शंभरेक किशोरांच्या झोपेची नोंद ठेवली गेली. प्रेमात पडलेली मुलं कमी झोपत होती आणि तरी दिवसा जास्त ताजीतवानी होती, त्यांच्या डोक्यात कल्पना जास्त येत होत्या. म्हणजे ही मुलं नाटक करत नाहीत. त्यांना जे होतं ते अंगात होतं. ‘हे काय प्रेम करायचं वय आहे?’ असं आपण म्हणतो, तेव्हा त्यांच्या अंगात खरोखर चाललेल्या गोष्टीला आपण खोटं ठरवत असतो, आणि तिथे ती आपल्यापासून दूर जातात.

वयातल्या अंतराचा हा प्रश्न महाराष्ट्राने फार मोठी किंमत देऊन हाताळलेला आहे. एकोणिसाव्या शतकात अंतर ठरवत घरातली मोठी माणसं, आणि ते लग्नातच ठरे. लग्नाच्या वेळी सावित्रीबाई फुले नऊ वर्षांच्या आणि जोतीराव तेरा वर्षांचे. १८६५ साली जन्मलेल्या, याच रेल्वेमार्गावरच्या कल्याणच्या आनंदीबाई जोशींचं लग्न नवव्या वर्षी कितीतरी मोठ्या गोपाळरावांशी झालं. कुणाचाही वाईट हेतू नव्हता, रीतच तशी होती. मुलीला नाही म्हणता येतं का, हा प्रश्नच कुणाच्या मनात येत नसे.

तो प्रश्न कोर्टात उभा केला रखमाबाईंनी. १८६४चा जन्म. अकराव्या वर्षी एकोणीस वर्षांच्या दादाजी भिकाजींशी लग्न झालं. पण त्या माहेरीच राहिल्या, आणि त्यांच्या पाठीशी उभे राहिले त्यांचे सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन. ते मुंबईतले नावाजलेले डॉक्टर, शरीराचं वय आणि मनाचं वय यांतला फरक जाणणारे. मुलगी घरात वाढली, वाचत राहिली. १८८४ साली नवऱ्याने तिला नांदायला पाठवावं म्हणून दावा लावला. न्यायमूर्ती पिन्ही यांनी १८८५ मध्ये रखमाबाईंच्या बाजूने निकाल दिला. त्याच वर्षी सखाराम अर्जुन वारले. १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांचा निकाल उलट आला. नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात. रखमाबाईंनी तुरुंग पत्करायची तयारी दाखवली. ज्या वयात मला संमती देण्याची समज नव्हती त्या वयातलं लग्न मला बांधत नाही, हा त्यांच्या म्हणण्याचा गाभा होता. १८८८ साली दोन हजार रुपये देऊन तडजोड झाली, त्या लंडनला जाऊन डॉक्टर झाल्या आणि परत येऊन सुरतेला रुग्णालयात काम करू लागल्या.

या खटल्याने आणि समाजसुधारक बेहरामजी मलबारींच्या मोहिमेने जी चर्चा पेटली त्यातून १८९१चा संमतिवयाचा कायदा आला. तोवर हे वय दहा होतं, ते बारा झालं. बारा! तेवढ्यावरूनही पुण्या-मुंबईत रण माजलं. टिळकांचा परक्या सरकारने धर्मात हात घालण्याला विरोध, आगरकर आणि रानडे दुसऱ्या बाजूला. पुढे लग्नाबाहेरच्या संबंधांसाठी ते वय १९२५ मध्ये चौदा झालं, नंतर सोळा, आणि २०१२ साली अठरा. मेंदूचा एकही एमआरआय हाती नसताना एका मुलीने कोर्टात जी गोष्ट मांडली, तीच सव्वाशे वर्षांनी प्रयोगशाळेतल्या आलेखावर चौदा ते अठरामधली चढती रेघ होऊन उमटली, याचं मला फार नवल वाटतं.

आजचा कायदा कसाऱ्यातल्या प्रत्येक पालकाला नीट माहीत असायला हवा, आणि मुलगा असलेल्या पालकाला तर जास्तच. बालकांचं लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण करणारा पॉक्सो कायदा १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू आहे. अठरा वर्षांखालची कोणीही व्यक्ती, मुलगी असो की मुलगा, या कायद्यापुढे बालक आहे, आणि शरीरसंबंधाला बालकाने दिलेली संमती कायदा धरत नाही. मैत्री, बोलणं, एकत्र शाळेत जाणं हा गुन्हा नाही. पण त्यापुढे गोष्ट गेली आणि ती सतराची, तो एकोणीसचा असेल तर तो आरोपी होतो. तोही अठराखालचा असेल तर प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जातं. दोघं घरातून निघून गेली तर अल्पवयीन मुलीला पालकांच्या ताब्यातून नेल्याचा, म्हणजे अपहरणाचा गुन्हा लागतो. अठराखालच्या कुणाचा नको तसा फोटो मागणं, ठेवणं, पुढे पाठवणं हा स्वतंत्र आणि गंभीर गुन्हा आहे, मग तो प्रेमात पाठवलेला का असेना. आणि असा प्रकार कानावर आल्यावर डॉक्टरांना, शिक्षकांना पोलिसांना कळवावंच लागतं.

दोघांच्या वयात थोडंच अंतर असेल तर सूट, अशी सोय आपल्या कायद्यात नाही. कॅनडात आहे. तिथे चौदा-पंधरा वर्षांच्या व्यक्तीचा जोडीदार पाच वर्षांपेक्षा कमी अंतराने मोठा असेल आणि त्याचा तिच्यावर अधिकार चालत नसेल तर कायदा वेगळा विचार करतो. शिक्षक, प्रशिक्षक अशा अधिकाराच्या जागेवरच्या माणसाला ती सूट नाही. आपल्याकडे विधी आयोगाने २०२३ साली हा सगळा विचार करून वय अठराच ठेवावं अशी शिफारस केली. मला व्यक्तिशः वाटतं की जवळच्या वयाच्या मुलांसाठी कायद्यात थोडी जागा हवी, कारण सतरा-अठराच्या मुलाचं आयुष्य तुरुंगाच्या दारात नेऊन मुलीचं भलं झालेलं मी तरी पाहिलेलं नाही. पण चौदाच्या मुलीसाठी ती जागा फार अरुंद असावी असंही तितकंच वाटतं. वर सांगितलेला चढ बघितला की दोन्ही गोष्टी एकदम पटतात.

आपल्या भागात मात्र भीती पोलिसांपर्यंत जायच्या आधीच दुसरीकडे वळते, लग्न लावून टाकण्याकडे. दिवाळीनंतर कुटुंब वीटभट्टीवर जाणार, पोरगी घरी कुणाच्या भरवशावर ठेवायची? त्यात काही कानावर आलं की दहावीची परीक्षाही राहते बाजूला. ही काळजी खोटी नाही. आईबाप दिवसभर चिखलात उभे असतात आणि जीव गावाकडे लागलेला असतो. पण अशा लग्नाने ज्या अंतराची भीती वाटत होती तेच अंतर पक्कं होतं. चौदा-पंधराची मुलगी आणि तिच्याहून मोठा नवरा, आणि आता तर तिला नाही म्हणायची मुभाही नाही. २००६च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्याने मुलीचं वय अठरा आणि मुलाचं एकवीस पूर्ण हवं. अल्पवयीन मुलीचं लग्न लावणाऱ्यांना दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. गावात ग्रामसेवक हेच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी आहेत, आणि १०९८ हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो. मुलगी स्वतःही तो फिरवू शकते.

मग घरात करायचं काय? इथे स्वीडनमधला एक अभ्यास सांगितल्याशिवाय राहवत नाही. हॉकान स्टॅटिन आणि मार्गारेट कर यांनी चौदा वर्षांची सुमारे सातशे मुलं आणि त्यांचे आईवडील यांना प्रश्न विचारले आणि २००० साली निष्कर्ष मांडला. ज्या घरात आईवडिलांना मुलांचं सगळं ठाऊक असतं ती मुलं कमी अडचणीत सापडतात, हे आधीच माहीत होतं. सगळ्यांनी गृहीत धरलं होतं की अशा घरांत आईवडील पाळत ठेवतात म्हणून त्यांना कळतं. स्टॅटिन आणि कर यांना दिसलं ते वेगळंच. आईवडिलांना जे कळतं ते मुख्यतः मुलं आपणहून सांगतात म्हणून. पाळतीने त्या मानाने फार कमी हाती लागतं. किती उलट आहे हे आपल्या समजुतीच्या! मोबाइलचा पासवर्ड मिळवून जे कळणार नाही ते, ‘आज काय झालं सांगू का आई’ या वाक्यातून कळतं. ते वाक्य यावं म्हणून आधी महिनोन् महिने ऐकून घ्यावं लागतं. मैत्रिणीचं भांडण, बाईंचं रागावणं, इन्स्टाग्रामवरचं काहीतरी, सगळं. क्षुल्लक गोष्टी ऐकून घेतल्या की मोठी गोष्ट येते.

याच वयात मुलांचं कान फिरवणं आईला फार लागतं. हाक मारली तरी ऐकत नाही, बाहेरच्यांचं मात्र सगळं ऐकू येतं. स्टॅनफर्डमध्ये २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात हेच मेंदूत दिसलं. बारापर्यंतच्या मुलांच्या मेंदूतले आनंदाशी आणि लक्ष देण्याशी जोडलेले भाग आईच्या आवाजाला जास्त दाद देतात. तेराच्या पुढे तेच भाग अनोळखी आवाजांना जास्त दाद देऊ लागतात. मूल घराबाहेर पडायची तयारी करत असतं, आणि मेंदू त्याचे कान बाहेर वळवतो. तो आईचा नकार नाही. आणि आईचं वजन संपतं असंही नाही. ईव्हा टेल्झर यांच्या २०१५च्या प्रयोगात चौदा वर्षांची मुलं गाडी चालवण्याचा खेळ खेळत होती. नुसती आई बघत आहे एवढ्यानेच त्यांनी धोके कमी घेतले. सोबती बघत असताना किशोर जवळपास दुप्पट धोके घेतात, हे २००५ सालीच दिसलं होतं. कोण जवळ आहे, यावर एवढं अवलंबून असतं.

‘कोण आहे तो?’ या प्रश्नाला मुलगी गप्प बसते. ‘काय गं, तो तुझ्याशी कसा बोलतो?’ याला ती उत्तर देते. त्यातून आपल्याला हवं ते मोजता येतं. उत्तर द्यायला उशीर झाला तर तो रागावतो का? ‘आज नको’ म्हटलं तर ऐकतो का, की तोंड पाडून बसतो? मैत्रिणींबरोबर ती अजून डबा खाते, की मधल्या सुट्टीत एकटीच त्याची वाट बघते? रिचार्ज कोण मारून देतं? घरी सांगू नको, असं तो म्हणाला आहे का? फोटो मागितला का? तीन वर्षांचं अंतर चांगलं आहे की वाईट, हे जन्मतारखेपेक्षा या उत्तरांतून जास्त नीट कळतं. अमेरिकेतल्या अनेक अभ्यासांत मोठ्या वयाच्या जोडीदाराबरोबरच्या मुलींना दडपण आणि उदासी जास्त असल्याचं आढळलं आहे, आणि अंतर वाढतं तसा धोका वाढतो. म्हणून अंतर मोठं असेल, तो शाळा सोडून कामाला लागलेला असेल, गाडी-पैसा त्याच्याकडे असेल, तर आईने सरळ सांगावं, ‘हे मला बरोबर वाटत नाही, आणि का ते सांगते.’ स्पष्ट नकार द्यायलाही आईबापांना हरकत नसावी. फक्त त्या नकारानंतर तिला घरात बोलायची जागा उरलेली असावी. बाबांनी हे आईवर सोडून देऊ नये. कित्येक मुली मनातलं आधी बापालाच सांगतात, त्याने कधी विचारलं तर.

आता त्या सतराच्या मुलाच्या घरी. सगळी चर्चा मुलीच्या घरी होते आणि याच्या घरी कुणी बसतच नाही, हे मला सगळ्यात जास्त खटकतं. थोडं मोठं असण्याची ताकद दोन्हीकडे वळते. स्टाइनबर्ग यांच्याच गटाने २०१६ साली अठरा ते बावीस वर्षांच्या तरुणांवर एक प्रयोग केला. चौघांच्या टोळक्यात सगळे समवयस्क असले की ते जास्त धोके घेतात. पण त्या टोळक्यात एकच माणूस थोडा मोठा, पंचवीस ते तिशीतला, बसवला, आणि बाकीच्यांचं वागणं एकट्याने निर्णय घ्यावा तितकं सावध झालं! त्याने उपदेश करायचीही गरज पडली नाही. थोडा मोठा असलेला माणूस नुसता जवळ असला तरी लहानांना सावरतो.

म्हणून मुलाच्या आईने त्याला समोर बसवून सांगावं. ‘बाळा, ती नववीत आहे. तू काही म्हणालास तर तिला नाही म्हणणं जड जाईल, तुला वाटतं त्याच्याहून जास्त. म्हणून तिच्या वाटचं “नाही” तुलाच ओळखायला हवं.’ त्याच्या बापाने कायदा सांगावा, शब्द न गिळता, पोलीस येण्याआधी. त्याच्याही मनात शरीराबद्दल, भीतीबद्दल, नकार पचवण्याबद्दल शंभर प्रश्न असतात आणि त्याला ते मित्रांनाच विचारावे लागतात. २०१४ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमात दहा ते एकोणीस वर्षांच्या मुलामुलींसाठी सरकारी रुग्णालयांत समुपदेशनाची सोय आहे, महाराष्ट्रात त्या केंद्राला मैत्री क्लिनिक म्हणतात. तिथे मुलांनीही जायचं असतं, पैसे लागत नाहीत. पहिल्या वेळी वडील किंवा मोठा भाऊ बरोबर गेला तर मुलगा दारातून परत फिरत नाही.